अक्रोडाचे अकराशे मोदक

गुरुदत्त सबनीसांनी तेहतीस वर्षं अक्रोड खाल्ले आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळाला.

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत ही गोष्ट सांगायला ते फारसे उत्सुक नसत. त्यांच्या बरोबरीने इथे उतरलेल्यांपैकी कोणी हृदयाची ऑपरेशनं करत होतं, कोणी पूल बांधत होतं, कोणी औषधांच्या कंपनीत गोळ्या शोधत होतं. आणि सबनीस मुंबईहून फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन आले ते केक-बिस्किटांच्या एका कारखान्यात कच्चा माल तपासायला बसले. पार्टीत कोणी विचारलंच तर ते म्हणत, "क्वालिटीत आहे." समोरचा समजूतदारपणे मान हलवी आणि पनीर टिक्क्याकडे वळे.

काम मात्र वाटतं तितकं सोपं नव्हतं. कवचातला अक्रोड आकारावर मोजतात: जंबो, लार्ज, मीडियम आणि बेबी. कवच फुटलं की ही सगळी प्रतिष्ठा संपते आणि आतल्या गराची नव्याने परीक्षा सुरू होते. न मोडता निघालेल्या अर्ध्या फोडीला पहिला मान. ती केकच्या डोक्यावर बसते, नाहीतर भेटीच्या डब्यात झोपते. मोठे तुकडे ब्राउनीत आणि पावात जातात, त्याहून बारीक आइस्क्रीममध्ये, आणि सगळ्यांत शेवटच्या चाळणीतून पडलेला चुरा सारणात. कवचसुद्धा वाया जात नाही, त्याची पूड करून यंत्रांचे भाग घासतात. मग येतो रंग. फिकट फोडीला सगळ्यांत जास्त भाव, आणि साल जसजशी तांबूस होत जाईल तसतसा भाव खाली. अक्रोडांतसुद्धा गोऱ्या रंगाला मागणी आहे हे पाहून सबनीसांना पहिल्या आठवड्यात वाईट वाटलं होतं. नंतर सवय झाली.

हे सगळं चाळण्या आणि कॅमेरे करत. सबनीस करत ते यानंतरचं. फोड तोंडात टाकायची, मागच्या दाताखाली धरायची, जीभ टाळ्याला लावायची आणि नाकाने सावकाश श्वास सोडायचा. खवट असेल तर तिथे कळतं. कॅमेऱ्याला ते आजतागायत कळलेलं नाही. खवट निघाला की सबनीस आवाज चढवत नसत. कागदावर लाल शिक्का मारत, आणि एक अख्खा ट्रक कॅलिफोर्नियाच्या दिशेला तोंड करून परत निघे.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने घड्याळ दिलं आणि शिक्का काढून घेतला. राग येणं काही त्याबरोबर थांबलं नाही.

जुलैमध्ये पार्सिपनीला शैलेंद्रच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळाची मीटिंग झाली. शैलेंद्र मंडळाचा अध्यक्ष. वय सेहेचाळीस, एका बँकेच्या आयटीत कसला तरी व्हाइस प्रेसिडेंट. मंडळाच्या गणपतीचं हे पंचविसावं वर्ष होतं.

"या वर्षी काहीतरी सिग्नेचर पाहिजे," तो म्हणाला. "उकडीचे काय, सगळेच करतात यार. आपण अक्रोडाचे मोदक करायचे. अकराशे. कॅलिफोर्नियाचा अक्रोड, महाराष्ट्राचा मोदक."

अक्रोड देवांग देणार होता. देवांग बडोद्याचा मराठी माणूस, आयसेलिनला ओक ट्री रोडवर त्याचं किराण्याचं मोठं दुकान. मंडळाने देणगीदारांचीही प्रतवारी लावली होती, ब्राँझपासून प्लॅटिनमपर्यंत, आणि देवांग सलग तिसऱ्या वर्षी प्लॅटिनम होता.

"काका, सगळ्यांत महागातले देतो," तो सबनीसांकडे वळून म्हणाला. "एक्स्ट्रा लाइट, एकदम फिकट, अख्ख्या फोडी. तुम्हाला तर कळतंच."

"सारण करायचंय ना? मग अख्ख्या फोडी कशाला?" सबनीस म्हणाले. "अख्खेपणाचा भाव द्यायचा आणि मिक्सरमध्ये घालायचं. तुकडे आण. जरा काळपट असले तरी चालतील, उलट त्यांना चव जास्त. फक्त ताजे आण."

"काका, आपण रील करतोय," शैलेंद्र म्हणाला. "स्लो मोशनमध्ये अक्रोड पडतायत, मागे ढोल. तुकडे पडले तर वाटेल कुणाच्या तरी ताटातून सांडलंय."

सगळे हसले. सबनीस हसले नाहीत. "माल ठेवलाय कुठे?"

"वेअरहाउसमध्ये."

"थंड खोलीत?"

"काका, वेअरहाउस आहे ते. पंखा आहे ना."

सबनीस सांगू लागले की कॅलिफोर्नियातला अक्रोड उतरतो सप्टेंबरनंतर. म्हणजे गणपतीला बाजारात असतो तो गेल्या वर्षीचा, त्याच्या म्हातारपणातला. थंडीत ठेवला तर टिकतो, उन्हाळाभर गरम गोदामात पडला तर आतलं तेल बिघडतं. ते दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचले होते.

"काका, हे आपण ऑफलाइन बोलू," शैलेंद्र म्हणाला.

'ऑफलाइन बोलू' म्हणजे बोलायचं नाही, हे सबनीसांना कारखान्यातल्या तीन साहेबांनी शिकवलेलं होतं. ते गप्प बसले. परतीच्या वाटेवर गाडीत मात्र एडिसनला घरी पोचेपर्यंत बोलत राहिले. पद्मजाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला कुठेही नेलं की तुम्ही तपासणीला बसता."

पद्मजा एडिसनच्या लायब्ररीतून निवृत्त झाली होती आणि मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य चोवीस वर्षं करत होती. त्या स्वयंपाकघरात तिचा एकच नियम होता: नैवेद्य दाखवून होईपर्यंत कोणी काही चाखायचं नाही. वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. मीठ, गूळ, साखर सगळं नजरेने आणि हाताने. घरोघरी हा नियम आता 'थोडंसं बघते गं' इतका सैल झाला होता, पण पद्मजाकडे सूट नव्हती. चोवीस वर्षांत तिचं मीठ एकदाही चुकलं नव्हतं. या वर्षीच्या बॅनरवर शैलेंद्रने छापून घेतलं होतं: 'नैवेद्य: पद्मजाकाकू सबनीस, सलग पंचविसावं वर्ष.' आणि बाजूला अर्ध्या अक्रोडाचं चित्र, माणसाच्या डोक्याएवढं.

मूळ गणपती मंगळवारी होते, त्यामुळे न्यू जर्सीत ते शनिवारी बसले. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. सकाळी साडेसहाला पद्मजा, तिच्या हाताखालची मालिनी आणि ओझी उचलायला सबनीस, असे तिघे तिथल्या मोठ्या स्वयंपाकघरात हजर झाले. मालिनी दातांची डॉक्टर होती; आठवडाभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची आणि गणपतीच्या दिवशी स्वतःचं बंद.

बारा वाजता आरती होती. म्हणजे नऊच्या आत सारण परतायला घ्यायला हवं.

देवांगच्या माणसाने आदल्या संध्याकाळी ठेवलेली पंचवीस-पंचवीस पाउंडांची दोन खोकी सबनीसांनी टेबलावर घेतली आणि चिकटपट्टी कापली. फोडी देखण्या होत्या. एकसारख्या, फिकट, एकही कोपरा तुटलेला नाही. सबनीस क्षणभर जुन्या मित्रांना भेटल्यासारखे वाकले, आणि वास आला.

जुन्या खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण वर्षानुवर्षं पुसलं नाही की त्याला येतो तसला वास.

त्यानंतरचं त्यांनी ठरवून केलं नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीने केलं. हात खोक्यात गेला, फोड तोंडात गेली, मागचे दात बसले, जीभ टाळ्याला लागली. आधी काहीच नाही, मग घशाच्या तोंडाशी कडू. त्यांनी कागदी रुमालात थुंकून टाकलं.

चावणारा जबडा मालिनीच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. "काकू," ती म्हणाली, "काकांनी खाल्लं."

पद्मजा खव्याच्या पातेल्यावरून वळली. "काय खाल्लंत?"

"अक्रोड. खवट आहे."

"मी काय विचारलं?"

"पद्मजा, खवट आहे. दुसऱ्या खोक्याचाही तोच वास येतोय. तूच बघ."

"नैवेद्याचा वास घेत नाहीत. चोवीस वर्षं मला इथे सोडायला येता, एवढं ठाऊक नाही?"

"देवाला खवट चालतं?"

"देवाला विचारलंत तुम्ही?"

"त्याला विचारायला वेळ नव्हता. तोंडात होतं."

ही थट्टेची वेळ नव्हती, हे बोलून झाल्यावर त्यांना कळलं. पद्मजाने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि आवाज अजिबात न चढवता बोलू लागली. आवाज न चढवणं हे सबनीसांचं हत्यार. ते तिच्या हातात पाहून त्यांना धडकी भरली.

"चाळीस वर्षं माझ्या आमटीचा पहिला घास तुम्ही तोंडात धरून ठेवता. गिळत नाही. ताटं वाढलेली असतात, पाहुणे बसलेले असतात, आणि आम्ही सगळे वाट बघतो, साहेब काय म्हणतायत. मीठ किंचित कमी. गूळ पुढच्या वेळी अर्धा चमचा जास्त. पोरीच्या बारशाला ऐंशी माणसं होती, तेव्हासुद्धा. वर्षातला हा एकच स्वयंपाक आहे, जो कोणी आधी चाखत नाही. मीसुद्धा नाही. मी डोळे आणि हात घेऊन येते आणि बरोबर करून जाते. या एका खोलीत मला कोणी पास-नापास करत नव्हतं. इथेही आलात तुम्ही."

मालिनीला एकाएकी फ्रिजमध्ये खोलवर काहीतरी शोधायचं होतं असं आठवलं.

सबनीसांना राग आला. समोरचं माणूस बरोबर असतं तेव्हा येणारा राग सगळ्यांत वाईट, कारण तो ठेवायला जागा नसते.

"तू म्हणतेस ते खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि अक्रोड खवट आहे. हेही खरं आहे."

"तुमच्या जिभेच्या भरवशावर मी अकराशे माणसांचा प्रसाद टाकून देऊ?"

"माझी जीभ एवढी वर्षं—"

"त्या जिभेबद्दलच बोलतेय मी." ती वळली. "शैलेंद्रला फोन करा. अक्रोड त्याने आणलेत, तो बघेल."

शैलेंद्र आठ वाजता आला. मोतिया रंगाचा रेशमी कुर्ता, खांद्यावर ओढणी, कानात फोनचं बटण. पूजेला यजमान तोच बसणार होता. मागोमाग देवांग, धावत आल्यासारखा. सबनीसांनी दोघांना सगळं दोन वाक्यांत सांगितलं. अहवाल ते नेहमीच छोटा देत.

शैलेंद्रने खोक्यात डोकावून पाहिलं. "काका, खवट म्हणजे वन टु टेनमध्ये किती?"

"किती नसतं. खवट असतं किंवा नसतं."

"म्हणजे सब्जेक्टिव्ह आहे."

"मालिनीला विचार, दुखरा दात सब्जेक्टिव्ह असतो का."

"पण काका, रंग बघा ना," देवांग कळवळून म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. "दुधासारखे आहेत. खराब असते तर काळे नसते पडले?"

"रंग सालीचा, देवांग. खवटपणा आतल्या तेलाचा. गोरी माणसं आजारी पडत नाहीत का?"

"पण सगळ्यांत महागाचे आहेत, काका."

"अख्खेपणाचे महाग आहेत. ताजेपणाचे पैसे तुझ्याकडून कोणी घेतलेच नाहीत. ऑगस्टभर तुझ्या त्या पंख्याखाली पडलेत." सबनीसांनी एक फोड उचलून त्याच्यासमोर धरली. "खा. खाऊन सांग ताजी आहे म्हणून. मी घरी जातो."

देवांगचा हात पुढे आला. तेवढ्यात शैलेंद्रने तो धरला.

"नो, नो. नैवेद्याच्या आधी? काका, तुम्ही एल्डर. तुम्हीच असं सांगायचं?"

सबनीसांनी शैलेंद्रकडे निरखून पाहिलं. पूजेचा उपास असलेल्या या माणसाच्या रेशमी कुर्त्याच्या खिशातून अंड्याच्या सँडविचचा कागद डोकावत होता. कागदावर पिवळा डाग ताजा होता. देव आठवायची वेळ शैलेंद्रने अगदी नेमकी निवडली होती.

"म्हणजे देवाला द्यायचं, लोकांना द्यायचं, फक्त आपण खायचं नाही," सबनीस म्हणाले.

"काका, प्लीज. तुमचा रिजेक्शन रेट सगळ्यांना माहितीये. तुम्ही माझ्या वास्तुशांतीचं श्रीखंडसुद्धा रिजेक्ट केलं होतंत." तो पद्मजाकडे वळला आणि त्याचा आवाज मऊ झाला. "काकू, सिंपल आहे. वेलची डबल करा. केशर आहे. वरून थोडं गुलाबपाणी. लोकांना वाटेल, अक्रोडाचा फ्लेवरच असा असतो. अर्ध्या पब्लिकने अक्रोड फक्त ब्राउनीत खाल्लाय. आणि मुलांचं टेन्शन नाही, मुलांना पिझ्झा आहे."

"आणि म्हाताऱ्यांना?" पद्मजाने विचारलं.

"म्हातारे काय, प्रसाद म्हणून खातात, काकू. प्रसादाला कोण नाव ठेवतंय?"

सबनीसांनी पद्मजाचा चेहरा पाहिला. चाळीस वर्षांत त्यांनी तिचे बरेच राग पाहिले होते, बहुतेक जवळून. हा नवीन होता, आणि तो प्रथमच दुसऱ्या कोणाकडे तोंड करून उभा होता.

"म्हणजे नाव कोणी ठेवणार नाही, म्हणून," ती म्हणाली.

"एक्झॅक्टली. आणि काकांनी एकाच खोक्यातलं खाल्लंय ना? मग ते बाजूला ठेवू, टेक्निकली उष्टं आहे ते. दुसरं क्लीन आहे. मोदक छोटे करा, अकराशे होऊन जातील. बॅनरवर तुमचं नाव आहे, काकू. रील ऑलरेडी व्हायरल आहे."

पद्मजा बेसिनशी गेली. हात धुतले, कोरडे केले, घाई नाही. मग दुसऱ्या खोक्यापाशी आली आणि त्यातून एक फोड निवडली. चांगली अख्खी, फिकट, चित्रात शोभेल अशी. चोवीस वर्षं या खोलीत जे तिने एकदाही केलं नव्हतं ते करायला तिला तीन सेकंद लागले.

फोड तिने तोंडात घातली.

सबनीस पाहत राहिले. तिने फोड मागच्या दाताखाली घेतली. जीभ वर लावली. ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास सोडला, थांबली, आणि परत एकदा सोडला. कंपनीने नवीन माणसांना हे शिकवायला सहा महिने घेतले असते. पद्मजाला कोणी शिकवलं नव्हतं. ती फक्त इतकी वर्षं जेवायला समोर बसत होती.

तिने थुंकलं नाही. गिळलं. डोळ्यांत पाणी आलं ते कशाने हे सबनीसांना ठरवता आलं नाही.

मग तिने दुसरी फोड घेतली, अर्धी चावली आणि उरलेली अर्धी परत खोक्यात टाकली. बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात आत घातला आणि भाजी ढवळावी तसं अख्खं खोकं तळापासून ढवळलं. तो हात न धुता पहिल्या खोक्याकडे वळली आणि तेही ढवळलं.

"काकू," शैलेंद्र म्हणाला, "हे काय?"

"उष्टं झालं. दोन्ही खोकी. टेक्निकली."

शैलेंद्रने दाराकडे पाहिलं. बाहेर कॅफेटेरियात दीपा, त्याची बायको, फुलांच्या माळा लावून घेत होती. त्याने आवाज खाली आणला. "काकू, कोणी पाहिलं नाहीये. आपणच आहोत. हू विल नो?"

"आत्ता दोन मिनिटांपूर्वी देव बघत होता, शैलेंद्र. एवढ्यात गेला कुठे?"

फ्रिजच्या दारामागे मालिनी खोकली. तो खोकला नव्हता.

देवांगने मधल्या वेळात हळूच एक फोड तोंडात टाकली होती. आता अडवायचं कारण उरलं नव्हतं. त्याने चावली, थांबला, आणि त्याचा चेहरा शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखा झाला. "काका," तो म्हणाला, "हे तर फारच वाईट आहे."

"हो."

"मला खरंच कळलं नव्हतं."

"तू चाखलं नव्हतंस." एवढंच बोलून सबनीस थांबले असते. पण देवांग व्यापारी होता, आणि व्यापाऱ्याचं मन दुःखातही चालू असतं.

"मग असं करतो," तो म्हणाला. "मी घेऊन जातो परत. दुकानात कोपऱ्यात लावतो, हाफ प्राइस, 'बेकिंगसाठी' म्हणून. लोक भाजूनच घेतात."

आता मात्र सबनीसांच्या कानशिलांत रक्त चढलं. इतका वेळ त्यांना वाटत होतं, हा भाबडेपणा आहे. भाबडेपणावर चिडून उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं. हा भाबडेपणा नव्हता. हा माणूस आत्ता, तोंडात तो कडवटपणा घेऊन, त्याला गिऱ्हाईक शोधत होता. आयसेलिनमधली कुठलीतरी नव्याने आलेली मुलगी स्वस्त म्हणून हे नेईल, घरी केक करेल, आणि बिघडला की तिला वाटेल तिचंच काहीतरी चुकलं.

"खोक्याला हात लावू नकोस," ते म्हणाले.

"काका, माझाच माल आहे."

"तू देणगी दिलीस. प्लॅटिनम. आता देवाचा आहे."

पद्मजाने दोघांच्या मधून हात घालून घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेआठ वाजले होते. "देवांग, दुकानात जा. रवा, तूप, साखर, बेदाणे. एवढ्या माणसांचा शिरा होईल इतकं. मालिनी हिशेब लिहून देईल. प्रत्येक पाकिटावरची तारीख वाचून आण, आणि बेदाणा एकेक पुड्यातला खाऊन आण. तो नैवेद्य नाहीये अजून, दुकानात आहे. शैलेंद्र, तू बाहेर जाऊन बॅनरवरचा तो अक्रोड झाक."

"कशाने झाकू?"

"तुझी रेशमी ओढणी आहे ना, ती लाव. आणि खिशातला कागद टाक, तेलाचा डाग पडेल."

शैलेंद्रने खिशाकडे पाहिलं आणि निघून गेला. देवांगही गेला. सबनीस आपल्यालाही काही काम मिळेल म्हणून उभे राहिले.

"आणि तुम्ही," पद्मजा म्हणाली, "हे अक्रोड घ्या आणि या खोलीतून जा. आरती होईपर्यंत आत यायचं नाही."

"मी बरोबर होतो, पद्मजा."

"तेच ऐकवायला थांबलात ना? जा."

ते गेले. हातगाडीवर दोन खोकी घालून शाळेच्या मागच्या बाजूला, जिथे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी होती. कारखान्यात नाकारलेला जो माल परत पाठवता येत नसे, तो नुसता फेकून देत नसत. फेकलेला माल रात्रीतून दुसऱ्या दाराने परत येतो, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. म्हणून त्यावर रंग ओतत, म्हणजे तो कोणाच्याही ताटात जाऊ शकत नाही. सबनीस सफाईवाल्यांच्या कपाटापाशी गेले, ड्युटीवरच्या माणसाला विचारून फरशी धुण्याच्या हिरव्या औषधाचा गॅलनचा डबा आणला आणि पेटीच्या आडोशाला बसून राहिले. देवांगचं काही सांगता येत नव्हतं, आणि ओतायचं ते मालकाच्या डोळ्यांदेखत, ही कारखान्याचीच रीत होती. सामान उतरवून तो परत फिरेल असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज खरा ठरला. साडेअकराला देवांग आला, कपाळावर रव्याचा पांढरा पट्टा. "काका, निदान एक खोकं. माझं नुकसान बघा ना."

सबनीसांनी पहिलं खोकं पेटीत उपडं केलं. देखण्या फोडी शैलेंद्रच्या रीलमध्ये पडत होत्या तशाच पडल्या, फक्त ढोल नव्हता. वर त्यांनी हिरवं औषध ओतायला सुरुवात केली. ओतताना ते दोनदा थांबले. शिक्का मारताना कधी थांबले नव्हते. पण तेव्हा ट्रक अनोळखी माणसांचे असत.

"एवढा राग कशाला, काका," देवांग हळूच म्हणाला. "अक्रोडच आहेत."

"म्हणूनच," सबनीस म्हणाले. "अक्रोडाला बोलता येत नाही. चाखणाऱ्यानेच बोलावं लागतं."

देवांग कपाळावरचा रवा पुसत गेला.

दुसरं खोकं त्यांनी लगेच उपडं केलं नाही. त्यात पद्मजाची अर्धी चावलेली फोड कुठेतरी होती. ते शोधत बसले असं नाही, पण पेटीच्या काठावर खोकं टेकवून बराच वेळ उभे राहिले. आतून आरती सुरू झाल्याचा आवाज आला. टाळ्या, झांजा, शैलेंद्रचा माइकवरचा सूर. मग सगळं शांत झालं. नैवेद्य दाखवत असणार.

मागचं दार उघडून पद्मजा बाहेर आली. केस सुटलेले, हाताला तूप. तिने पेटीत डोकावून पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या खोक्याकडे.

"अजून हे राहिलंच आहे?"

"टाकतोय."

"दाखवला नैवेद्य," ती म्हणाली. "चाखला नाही. साखर कशी झालीय मला माहीत नाही. आणि तुम्ही खाल्लात तरी मला सांगायचं नाही. चांगली झाली असली तरी नाही."

"नाही सांगणार."

"चेहऱ्यानेसुद्धा नाही."

हे जास्त अवघड होतं. सबनीसांनी मान हलवली. ती पुढे झाली, खोक्याची दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ते उपडं केलं. तिने त्यांच्या हातातून डबा घेतला आणि उरलेलं औषध सगळीकडे नीट, एकसारखं ओतलं, कोपऱ्यांतसुद्धा, नजरेच्या अंदाजाने.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"कोणावरचा?"

"रांगेत आधी शैलेंद्र उभा आहे. मग देवांग. तुम्ही तिसरे." तिने रिकामा डबा त्यांच्या हातात दिला. "चला, पानं वाढायचीत. हात साबणाने धुवा, दोनदा."